पाण्याचे ओझे आणि घराची जमीन

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पाणी बादलीत असते तोवर त्याचे वजन हाताला कळतेही. परंतु तेच पाणी काचेच्या पेटीत स्थिर झाले आणि त्यात रंगीत मासे विहरू लागले, की त्याच्या वजनाचा विसर पडतो. डोळ्यांना ते पारदर्शक आणि म्हणूनच हलके भासते. घराच्या जमिनीला मात्र असा विसर कधी पडत नाही. पेटी भरल्या दिवसापासून ती रिकामी होईपर्यंत तो भार तिला अहोरात्र वाहावा लागतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडण्यात आले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. अशा सार्वजनिक मत्स्यालयांच्या इमारती पाण्याचा भार लक्षात घेऊनच बांधलेल्या असतात. घरातील मत्स्यपेटीची गोष्ट वेगळी आहे. घर माणसांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी बांधलेले असते. पेटी तेथे मागाहून येते. पूर्वीच्या पेट्या लोखंडी चौकटीच्या आणि बहुधा लहान असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काच काचेला घट्ट चिकटवणारा सिलिकोन हा पदार्थ प्रचारात आला आणि चौकटीवाचून मोठमोठ्या पेट्या करणे शक्य झाले. तेव्हापासून सामान्य घरांतही एक प्रश्न उपस्थित होऊ लागला : हे वजन ही जमीन पेलेल काय?

या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘वजन किती’ एवढ्यावर अवलंबून नाही. ते वजन कोठे ठेवले आहे, किती जागेवर पसरले आहे, किती काळ राहणार आहे आणि तेथून खालच्या भूमीपर्यंत त्याला अखंड वाट आहे की नाही, या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

वजनाचा हिशेब

समजा, पेटी १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच आहे व तीत ५५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावयाचे आहे. लांबी, रुंदी व पाण्याची उंची यांचा गुणाकार केला असता ५९४ लिटर हे घनफळ येते. तळाशी ५ सेंटिमीटर जाडीचा वाळूखड्यांचा थर घातला, तर त्याचे वजन सुमारे ८५ किलोग्रॅम होते. मात्र तो थर सुमारे ३२ लिटर पाण्याची जागा घेतो. म्हणजे पाणी सुमारे ५६० किलोग्रॅम उरते. काच १२ मिलिमीटर जाड असेल, तर पाचही बाजू मिळून तिचे वजन सुमारे १२० किलोग्रॅम भरते. दगड, गाळणी इत्यादी सामान २५ किलोग्रॅम आणि खालची घडवंची ८० किलोग्रॅम धरली, तर एकूण भार सुमारे ८७० किलोग्रॅम होतो.

सरासरी ६५ किलोग्रॅम वजनाची तेरा माणसे एका पलंगापेक्षाही लहान जागेत, एकमेकांना चिकटून, दिवसरात्र उभी राहिली तर जे होईल तेच येथे होते. फरक एवढाच की, माणसे थकून निघून जातात. पेटी जात नाही.

घडवंचीने व्यापलेली जागा १.०८ चौरस मीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ८०० किलोग्रॅम भार आला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेटीची लांबी दुप्पट केली, तर एकूण वजन जवळजवळ दुप्पट होते. पण जागाही दुप्पट झाल्यामुळे दर चौरस मीटरवरील भार तेवढाच राहतो. उंची वाढवली मात्र, की तो भार वाढतो. म्हणून उंच व अरुंद पेटीपेक्षा लांब व बुटकी पेटी जमिनीला सुसह्य असते.

जमीन कशासाठी बांधलेली असते

भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या खोल्यांची जमीन आखताना माणसे व सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार गृहीत धरतात. पेटीखालील भार याच्या चौपट आहे. एवढ्यावरून जमीन लगेच कोसळेल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा खोलीत सर्व जागेचा मिळून २,४०० किलोग्रॅम भार धरलेला असतो आणि पेटीचे वजन त्याच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. परंतु तो २,४०० किलोग्रॅम भार सर्व खोलीभर पसरलेला आहे, अशी कल्पना केलेली असते. एका कोपऱ्यात साठलेला नव्हे. शिवाय खोली रिकामी नसते. कपाटे, पलंग आणि सणावारी जमणारी माणसे यांचाही वाटा त्यातच असतो.

आखणी करताना सुरक्षिततेसाठी काही सामर्थ्य राखून ठेवलेले असते, हे खरे. पण ते अनपेक्षित प्रसंगांसाठी आणि वयोमानाने येणाऱ्या झिजेसाठी असते. मत्स्यपेटीसाठी ते जाणूनबुजून खर्ची घालणे म्हणजे अडचणीसाठी ठेवलेली शिल्लक चैनीत उडवण्यासारखे आहे.

काळाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लाकूड आणि काँक्रीट हे दोन्ही पदार्थ कायमच्या भाराखाली हळूहळू अधिक वाकत जातात. पहिल्या दिवशी लाकडी कडी जितकी वाकली, तितकाच वाक पुढील काही वर्षांत तिला आणखी येऊ शकतो. म्हणून पेटी भरल्यावर पहिला आठवडा सुखरूप गेला, एवढ्यावरून पुढील दहा वर्षांची ग्वाही मिळत नाही.

जागेची निवड

मजबुतीचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य जागा निवडणे. दोन भिंतींवर टेकलेली चार मीटर लांबीची एक तुळई डोळ्यांपुढे आणावी. भार तिच्या मधोमध ठेवला, की तिला वाकविणारा जोर सर्वांत अधिक असतो. तोच भार भिंतीपासून ४० सेंटिमीटर अंतरावर सरकवला, तर तो जोर सुमारे एक-तृतीयांशावर येतो आणि भाराखालील प्रत्यक्ष वाक सुमारे एक-अष्टमांश होतो. एक पैसाही खर्च न करता तुळईचे दुःख इतके हलके करता येते.

तथापि या नियमाबरोबर तीन सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागतात. पहिली अशी की, भिंतीजवळ ठेवलेल्या भाराचा नऊ-दशांश भाग तुळईचे तेच टोक उचलते. जुन्या घरांत भिंतीत गाडलेली ही टोके ओलीने कुजलेली किंवा वाळवीने पोखरलेली असण्याचा संभव अधिक. सुरीचे टोक लाकडात सहज शिरले किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर ते टोक भरवशाचे नाही, असे समजावे.

दुसरी सूचना भिंतीविषयी आहे. दिसणारी प्रत्येक भिंत भार घेणारी असते असे नाही. खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या इमारतींत पुष्कळशा भिंती केवळ आडोशाच्या असतात. अशा घरांत भिंतीपेक्षा जमिनीखालून तुळई कोठून जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिसरी सूचना सज्जाविषयी आहे. सज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. त्याचे दुसरे टोक अधांतरी असते. तेथे भार जितका बाहेर, तितका मुळाशी येणारा जोर मोठा. मोठी मत्स्यपेटी सज्जात कधीही ठेवू नये.

घडवंचीचे काम

पाण्याच्या घागरी ठेवण्याची घडवंची जुन्या घरांतून सर्वांच्या परिचयाची होती. मत्स्यपेटीची घडवंची तिचीच मोठी बहीण. पण तिला तीन कामे करावी लागतात. भार सरळ खाली नेणे, पेटीचा तळ सपाट राखणे आणि बाजूला कलंडू न देणे, ही ती कामे होत.

पाणी पुढच्या लांब काचेला बाहेरच्या बाजूस सुमारे २७० किलोग्रॅम जोराने रेटत असते आणि मागच्या काचेलाही तेवढ्याच जोराने उलट दिशेस रेटत असते. हे दोन्ही जोर एकमेकांना तोलून धरतात, म्हणून पेटी जागची हलत नाही. पण काच आणि सांधे यांवर त्यांचा ताण सतत असतो. काच दाब पुष्कळ सोसते; ताण सोसण्याची तिची शक्ती मात्र थोडी. त्यातच तळाचा एखादा कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली गेला, तर पेटीला पीळ बसतो आणि तडा जाण्याचा संभव निर्माण होतो.

घडवंचीच्या पुढच्या आडव्या लाकडाचा विचार करू. पाणी भरलेल्या पेटीचे वजन, घडवंची सोडून, सुमारे ७९० किलोग्रॅम. त्यातील निम्मे, म्हणजे ३९५ किलोग्रॅम, या लाकडावर पसरते. सागवानाचे ५ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल असे लाकूड केवळ दोन टोकांना १८० सेंटिमीटर अंतरावर टेकवले, तर मधोमध सुमारे ७ मिलिमीटर वाकेल. तेच लाकूड आडवे पाडून, म्हणजे १० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर खोल असे बसवले, तर वाक चौपट, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर होईल. लाकूड तेच, वजन तेच. फरक केवळ ते बसविण्यात आहे. पट्टी आडवी धरली तर सहज वाकते आणि धारेवर उभी धरली तर वाकत नाही, हा अनुभव शाळकरी मुलेही रोज घेतात. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीचा विचार केला होता.

आता त्या उभ्या लाकडाखाली मधोमध आणखी एक पाय दिला, तर टेकूंमधील अंतर निम्मे होते आणि वाक सुमारे एक-षोडशांश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो. यास्तव मोठ्या पेटीच्या घडवंचीला चार नव्हे, निदान सहा पाय असावेत. आडवे लाकूड पायांच्या माथ्यावर टेकलेले असावे. पायाच्या बाजूला नुसत्या स्क्रूने अडकवलेले नसावे. तसे केल्यास सारा भार त्या बारीक स्क्रूंवर येतो आणि ते वाकतात किंवा लाकूड फाडतात.

चार काठ्यांचा चौकोन बाजूने ढकलला की तिरपा होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. म्हणून घडवंचीच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंना तिरकस पट्ट्या बसवाव्यात किंवा प्लायवुडचे पत्रे पक्के ठोकावेत. भूकंपाच्या वेळी या पट्ट्यांचे मोल कळते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला आणि २६ जानेवारी २००१ रोजी भुजला झालेल्या भूकंपांनी देशाच्या या भागातही जमीन हलते, याची आठवण करून दिली आहे. जमीन हलली, की पेटीतील पाणी हेलकावे खाते आणि घडवंचीवर आडवा जोर येतो. म्हणून घडवंची भिंतीला लोखंडी कोनाने जखडणेही हिताचे असते.

पायांच्या बुडाकडेही लक्ष द्यावे. साध्या चार पायांची घडवंची घेतली, तर प्रत्येक पायावर सुमारे २१८ किलोग्रॅम भार येतो. पायाचे बूड ५ सेंटिमीटर चौरस असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ९ किलोग्रॅम दाब पडतो. जमीन उंचसखल असल्यास समोरासमोरील दोनच पाय भार घेतात आणि दाब दुप्पट होतो. फरशी तडकते ती अशा वेळी. प्रत्येक पायाखाली १५ सेंटिमीटर चौरस जाड पोलादी पत्रा दिला, तर दाब एक-नवमांश होतो. त्याहून उत्तम म्हणजे पायांच्या रांगेखाली सलग जाड लाकूड घालणे. चौकटीवाचून केलेल्या पेटीच्या सपाट तळाखाली फळी व थर्मोकोलचा पातळ थर द्यावा, म्हणजे खड्याएवढा उंचवटाही काचेला बोचत नाही. ज्या पेटीचा तळ चौकटीत थोडा वर उचललेला असतो, तिला मात्र चौकटीच्या कडांखालीच आधार हवा.

जमिनीची मजबुती

भारतात घराची जमीन सर्वत्र एकाच रीतीची नाही. महाराष्ट्रातील वाड्यांत कडीपाटाची माडी आढळते. कोलकात्याच्या जुन्या घरांत मोठ्या कड्यांवर आडव्या बारीक पट्ट्या व त्यांवर विटांचा व चुन्याचा थर असतो. चेन्नईकडील जुन्या इमारतींत सागवानी कड्यांवर विटा उभ्या धरून, तिरप्या ओळींनी चुन्यात बसवीत. राजस्थानात दगडाच्या लांब फरशा भिंतीवरून भिंतीवर टाकण्याची चाल आहे. अलीकडच्या बहुतेक घरांत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची स्लॅब असते. उपाय ठरवण्यापूर्वी आपली जमीन यांपैकी कोणत्या जातीची, हे ओळखले पाहिजे.

लाकडी कड्यांच्या जमिनीवर पेटीची लांबी कड्यांना आडवी ठेवावी. कड्या ४५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर १८० सेंटिमीटर लांबीच्या पेटीचा भार चार कड्या वाटून घेतात व प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २२० किलोग्रॅम येतात. पेटी कड्यांच्या दिशेने ठेवली, तर सारा बोजा एका किंवा दोन कड्यांवर पडतो. कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवले, की एक कडी वाकू लागताच शेजारच्या कड्या तिला हात देतात. त्याहूनही अधिक बळ हवे असल्यास जुन्या कडीला तेवढीच खोल नवी कडी बोल्टने जोडावी. मात्र नवी कडी दोन्ही टोकांना भिंतीवर टेकली पाहिजे. अधांतरी संपणारी जोडकडी फारशी उपयोगाची नसते.

खालचा मजला आपल्याच ताब्यात असेल, तर कड्यांखाली एक आडवी तुळई घालून ती दोन खांबांवर टेकवणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय. अंतर निम्मे झाले, की वाक किती घटतो, हे वर आलेच आहे. परंतु हे खांब तळमजल्याच्या फरशीवर उभे करणे म्हणजे संकट वरून काढून खाली ठेवणे होय. फरशी काढून, खाली मुरुमापर्यंत खणून, सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस काँक्रीटचा पाया द्यावा. काळ्या मातीच्या प्रदेशात हे विशेष अगत्याचे आहे. कारण ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरील खांब वरखाली होतो. खांबावरील तुळई कड्यांना घट्ट लागेल इतकीच वर घ्यावी. वाकलेली जुनी कडी जॅक लावून एकदम सरळ करण्याचा हट्ट धरल्यास भिंती व सांधे तडकतात.

दगडी फरशांची जमीन वेगळ्या विचाराने पाहावी. दगड, काचेप्रमाणेच, ताणाला दुबळा. तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. तेथे खालून आधार दिल्यावाचून मोठी पेटी ठेवू नये.

काँक्रीटच्या स्लॅबचे सामर्थ्य तिच्या पोटातील सळ्यांत असते. छताच्या खालच्या बाजूस तांबूस डाग, सळीच्या रेषेत गेलेल्या भेगा किंवा सुटलेले पापुद्रे दिसले, तर सळ्या गंजू लागल्या आहेत, हे समजावे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा स्लॅबवर पेटी ठेवण्याचा विचारही करू नये. स्लॅब निकोप असली, तरी भार एका जागी साचू नये म्हणून दोन तुळयांवर टेकतील असे पोलादी गर्डर जमिनीवर टाकून त्यांवर घडवंची उभी करता येते. हे काम आणि त्याचा हिशेब बांधकामाच्या अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

पाणी भरण्याची रीत

सर्व तयारी झाल्यावरही पेटी एका दिवसात भरू नये. आधी एक-तृतीयांश पाणी भरून एक दिवस थांबावे. मग दुसरा आणि नंतर तिसरा भाग भरावा. प्रत्येक वेळी चारही कोपऱ्यांवर पेटीच्या कडेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी समपातळीत राहतो. म्हणून याहून अचूक पाणसळ शोधण्याची गरज नाही. एका बाजूची दोन्ही मापे सारखी वाढली, तर पेटी त्या बाजूकडून उचलली जाऊन दुसरीकडे कलली आहे. एकाच कोपऱ्याचे माप इतरांशी विसंगत बदलले, तर पेटीला पीळ बसत आहे; अशा वेळी पाणी तत्काळ कमी करावे. खालच्या खोलीत छतालगत दोन भिंतींमध्ये ताणून बांधलेली दोरीही छताचा वाक दाखवते. ही मापे पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि पुढे वर्षातून दोनदा घ्यावीत. त्याच वेळी घडवंचीखाली ओल आहे काय, हेही पाहावे. कारण थेंबाथेंबाने गळणारे पाणी आज फरशी भिजवते आणि उद्या तिच्याखालची कडी कुजवते.

वरच्या मजल्यावरील जमीन म्हणजे खालच्या घराचे छत होय. पेटीचा आनंद एका कुटुंबाला मिळतो. तिच्या भाराखाली मात्र दुसरे कुटुंब जेवते, झोपते, मुलांना खेळवते. त्यामुळे शंका उरल्यास तिचा निकाल नेहमी खाली राहणाऱ्यांच्या बाजूने द्यावा. ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच अशी पेटी घडवंचीसह सुमारे अडीचशे किलोग्रॅमची होते. तिच्यातही मासे तितकेच मोकळे पोहतात. मोठीच पेटी हवी असेल, तर भूमीवर टेकलेला तळमजला तिला अधिक योग्य. भाराला भूमीपर्यंत नेणारी वाट जितकी आखूड आणि जितकी सरळ, तितके घर निर्धास्त.